डुकरांतील पट्टकृमी (टीनिया सोलियम) : लागण व नियंत्रण

टीनिया सोलियम हा फितीसारखा चपटा जंत आहे. पूर्ण वाढलेला जंत माणसाच्या आतड्यात राहतो व त्याची लांबी २ ते ७ मीटर असू शकते. त्याची अंडी माणसाच्या विष्ठेतून बाहेर पडतात. मोकाट डुकरे ती विष्ठा खातात आणि अळ्या त्यांच्या स्नायूंत जाऊन बसतात. तेथे वाटाण्याएवढ्या, पाणी भरलेल्या पांढुरक्या गाठी होतात. असे मांस अर्धकच्चे खाल्ल्यास अळी आतड्याला चिकटते व सुमारे दोन महिन्यांत तिचा जंत होतो. म्हणजे डुकराला हा रोग माणसाकडूनच मिळतो.

लक्षणे व धोका

आतड्यातील जंताचा त्रास किरकोळ असतो : पोटदुखी, मळमळ, शौचातून चपटे पांढरे तुकडे पडणे. त्यामुळे रुग्ण दवाखान्यात जात नाही आणि अंडी पसरवत राहतो.

खरा धोका अंडी पोटात गेल्यास आहे. अशा वेळी गाठी माणसाच्याच शरीरात होतात. मेंदूत झाल्या तर फिट येतात. यासाठी डुकराचे मांस खावे लागत नाही. जंत असलेल्या व्यक्तीचे न धुतलेले हात, मैलापाण्यावर वाढवलेली कोथिंबीर किंवा मुळा एवढे पुरते. ‘आम्ही शाकाहारी, आम्हाला काय होणार’ हा समज म्हणूनच चुकीचा आहे.

वराहपालकांसाठी

बाधित डुक्कर बहुधा निरोगीच दिसते. जिभेखाली गाठी लागल्यास रोग नक्की समजावा. न लागल्यास मात्र निर्धास्त राहू नये. डुकरे बंदिस्त ठेवावीत. घरच्या व मजुरांच्या शौचालयाची सोय नसेल तर बाकी उपाय फार काळ टिकत नाहीत. पशुवैद्यकाच्या सल्ल्याने ऑक्सफेन्डाझोल (प्रतिकिलो वजनास ३० मि.ग्रॅ., एकदाच) देता येते, त्यानंतर सांगितलेल्या मुदतीपर्यंत कत्तल करू नये. हैदराबादच्या इंडियन इम्युनॉलॉजिकल्सने डुकरांसाठी लस तयार केली आहे. ती आधीच्या गाठींवर चालत नाही, म्हणून औषधासोबत देतात.

मांस आतपर्यंत शिजवावे. वरून भाजलेले, आत गुलाबी राहिलेले तुकडे खाऊ नयेत. सॅलडच्या भाज्यांना मैलापाणी देऊ नये.

उपचार

शौच तपासणीनंतर डॉक्टर प्राझिक्वान्टेल किंवा निक्लोसामाइड देतात. फिट येत असतील तर मनाने जंताची गोळी घेऊ नये. मेंदूत गाठी असल्यास काही औषधांमुळे तेथे सूज वाढू शकते.