चार्जिंगच्या दराचे कोडे : ब्रायटन १८९४ (धागा)

घरी रात्रभर मोटार चार्ज करताना वीज ज्या दराने पडते, त्याहून महामार्गावरील जलद चार्जरवर ती बरीच महाग पडते. वीज तीच, बॅटरीही तीच. मग वरचे पैसे कशाचे? या प्रश्नाची मुळे शंभराहून अधिक वर्षे मागे जातात.

१८९४ साली शिकागो एडिसन कंपनीचे अध्यक्ष सॅम्युअल इन्सल इंग्लंडमध्ये ब्रायटन येथे आले होते. बंद झालेली दुकानेही दिव्यांनी उजळलेली पाहून त्यांना नवल वाटले. त्यामागचे गणित तेथील नगरपालिकेच्या वीजकेंद्राचे आर्थर राइट यांचे होते. ग्राहकाने एकूण किती वीज वापरली यासोबतच एका वेळी जास्तीत जास्त किती मागितली, हेही राइट यांचा मापक टिपत असे. कारण त्या कमाल मागणीला पुरेल एवढे जनित्र कंपनीला उभारावेच लागते. मग ते दिवसभर चालो वा तासभर. हा स्थिर खर्च एकदा वसूल झाला की पुढची वीज स्वस्त. म्हणून दुकानदार दिवे मालवत नसत!

इन्सल यांनी हे तत्त्व अमेरिकेत नेले. तेथे १९०० साली तयार झालेल्या ४,१९२ मोटारींपैकी १,५७५ विजेवर चालणाऱ्या होत्या. पेट्रोलच्या केवळ ९३६. रात्री रिकाम्या बसणाऱ्या जनित्रांना काम देणारी ही मोटार वीजकंपन्यांना हवीहवीशी वाटली, यात नवल नाही.

पण घराबाहेर काय? बॅटरीला लागतो एकदिश प्रवाह आणि शहरोशहरी पसरत होता प्रत्यावर्ती. तो बदलणारे यंत्र महाग, आणि गिऱ्हाईक येईपर्यंत ते नुसतेच उभे.

यावरचा सर्वांत चतुर तोडगा, माझ्या मते, कनेक्टिकटमधील हार्टफर्डच्या वीजकंपनीने काढला. १९१० च्या सुमारास तिने बॅटरी-बदल सेवा सुरू केली. मालट्रकचा मालक गाडी बॅटरीविना विकत घेई, बॅटरी कंपनीची. आकारणी दुहेरी : दरमहा ठरावीक रक्कम आणि वर दर मैलाचे पैसे. म्हणजे राइट यांचेच सूत्र, चाकांवर बसवलेले! ही सेवा १९२४ पर्यंत चालली आणि तिच्यावर गाड्यांनी ६० लाखांहून अधिक मैल कापले. तोवर पेट्रोलच्या मोटारींनी रस्ते व्यापले होते.

आता भारताकडे पाहा. केंद्राच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनी सार्वजनिक चार्जिंग केंद्रांना एकेरी दराने वीज द्यावी असे म्हटले. म्हणजे कमाल मागणीचा वेगळा आकार नको. राइट यांच्या नेमके उलट! २०२४ च्या सूचनांत घड्याळही आहे : सकाळी ९ ते दुपारी ४ या सौरकाळात पुरवठ्याच्या सरासरी खर्चाच्या ०.७ पट दर, एरवी १.३ पट. इन्सल यांची स्वस्त रात्र आता स्वस्त दुपार झाली आहे.

मात्र हा दर केंद्रचालकाला मिळणाऱ्या विजेचा. चार्जरची किंमत, जागेचे भाडे आणि गिऱ्हाइकाविना गेलेले तास तो त्यावर चढवतो. मग त्या साऱ्यावर १८ टक्के जीएसटी.