बांडगूळ नव्हे, वांडा

चाकणजवळ रस्ता रुंद करताना एक जुना आंबा पाडला. त्याच्या फांदीवर जाड, चिवट पानांचं एक रोप चिकटलेलं होतं. "बांडगूळ आहे सर, फेकून द्या," कुऱ्हाडवाला म्हणाला. मी ते रुमालात गुंडाळून निगडीला घरी आणलं.

ही चूक त्या बिचाऱ्याची एकट्याची नाही. संस्कृतात 'वंदा' म्हणजे दुसऱ्या झाडावर पोसली जाणारी वनस्पती. अठराव्या शतकाच्या अखेरीस कलकत्त्यात सर विल्यम जोन्स यांनी हे नाव अशाच एका ऑर्किडसाठी नोंदवलं आणि 1820 मध्ये रॉबर्ट ब्राउन यांनी त्यावरून 'वांडा' ही प्रजाती केली. आज नर्सरीत महागडी थायलंडची वांडा मिळते, तिच्याही कपाळी हेच नाव आहे.

खरं बांडगूळ झाडाच्या सालीत मूळ घुसवून रस ओढतं. वांडाचं मूळ सालीला नुसतं धरून बसतं. पाणी पावसाचं आणि हवेतल्या दमटपणाचं, खत सालीवर साचलेल्या कचऱ्याचं. आंब्याचं ती काहीच खात नाही.

उर्दूत परजीवीला 'तुफैली' म्हणतात. कूफ्यात तुफैल नावाचा एक गृहस्थ होता, आमंत्रण नसताना दावतीला हजर व्हायचा. शब्द त्याच्यावरून आला. गंमत म्हणजे दुआ मागताना आपण 'नबी के तुफैल' म्हणतो, तेव्हा तोच शब्द 'त्यांच्या वसिल्याने' असा अर्थ देतो. मराठीत 'बांडगूळ'ला अशी दुसरी बाजू नाही. तो माणसांवरही फेकला जातो: शिफ्टला येणाऱ्या बाहेरगावच्या पोरांवर, आणि कधी कधी पिढ्यान्‌पिढ्या इथेच राहिलेल्या आमच्यासारख्यांवरही.

पिंपरी-चिंचवडचा आणि झाडाझुडपांचा काय संबंध, असं वाटेल. पण आज जिथे एसटीची कार्यशाळा आहे त्या दापोडीत, 1828च्या सुमारास गव्हर्नर माल्कम यांच्या काळात वनस्पती उद्यान सुरू झालं. 1838 पासून डॉ. अलेक्झांडर गिब्सन त्याचे प्रमुख होते. 1847 मध्ये ते मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक झाले, आणि 1861 मध्ये डॅलझेल यांच्याबरोबर त्यांनी 'द बॉम्बे फ्लोरा' हा ग्रंथ काढला. इथल्या ऑर्किडांच्या नोंदी त्यात आहेत. दापोडीत एका हिंदुस्थानी चित्रकाराकडून त्यांनी करून घेतलेली वनस्पतींची चित्रं आज एडिनबरोच्या वनस्पती उद्यानात जपलेली आहेत. गिब्सन यांचं नाव राहिलं. चित्रकाराचं कुणी लिहूनच ठेवलं नाही.

आता माझ्या रोपाचं. पहिल्यांदा मी ते कुंडीत मातीत लावलं आणि रोज पाणी घातलं. पंधरा दिवसांत दोन मुळं सडली. मातीत त्यांना हवा मिळत नाही, हे उशिरा कळलं. मग बाहेर काढून खडबडीत सालीच्या लाकडाच्या तुकड्यावर सुती दोऱ्याने सैलसर बांधलं आणि पूर्वेच्या गॅलरीत, जाळीआड टांगलं. उन्हाळ्यात सकाळी फवारा, पावसाळ्यात काही नाही, थंडीत चार-पाच दिवसांतून एकदा. मूळ चंदेरी दिसलं तर तहान लागली, हिरवं दिसलं तर पोट भरलं, एवढंच पाहायचं. जंगलातून तोडून आणलेलं रोप मात्र कुणाकडूनही विकत घेऊ नका. झाडावरून ओढताना मुळं तुटतात, त्यातली बरीच जगत नाहीत, आणि घाटातलं एक कमी होतं ते होतंच.

दुसऱ्या पावसाळ्यात नवं मूळ फुटलं. हिरवं टोक पुढे करून ते लाकडाची साल चाचपत होतं. फूल अजून नाही. अम्मी रोज विचारते, "आया क्या?"