बीदरची विमानं आणि अकरावीचं गणित

उदगीर-देवणीकडच्या गटांतून आम्हाला एक प्रश्न बरेचदा येतो. शेतावरून कानठळ्या बसवत जाणारी ती विमानं कुठली? तर ती बीदरची. लातूर जिल्ह्याच्या हद्दीपलीकडे, कर्नाटकातल्या बीदरला भारतीय हवाई दलाचा तळ आहे. लढाऊ विमानांचे पायलट तिथे शिकतात. आज त्या विमानांत बसणाऱ्यांची, आणि बरीच वर्षं ज्यांना बसू दिलं नाही त्या पोरींची गोष्ट सांगायची आहे.

बीदर आपल्याला परकं नाही. उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यातच होते. त्याआधी हा सगळा मुलूख निजामाचा. १९४८ साली सिडने कॉटन नावाचा एक ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून रात्री-बेरात्री विमानं भरून निजामासाठी शस्त्रं आणत होता. आपल्या आज्या-पणज्या तेव्हा रझाकारांच्या भीतीनं दागिने चुलीखाली पुरून सरहद्दीच्या कॅम्पात जात होत्या. १३ सप्टेंबरला पोलीस ॲक्शन सुरू झाली, तेव्हा भारतीय हवाई दलाच्या टेंपेस्ट विमानांनी बीदरच्या विमानतळावर बॉम्ब टाकले. १७ तारखेला निजामानं हार पत्करली. ही तारीख आपण दरवर्षी झेंडा लावून पाळतो, पण त्या चार-पाच दिवसांत आपल्या डोक्यावर विमानं होती हे कुणी फारसं सांगत नाही.

त्याच निजामाच्या राज्यातली एक गोष्ट आम्हाला फार आवडते. प्रेम माथूर नावाच्या बाईंनी १९४७ साली विमान चालवण्याचा व्यावसायिक परवाना मिळवला. नोकरीसाठी आठ विमान कंपन्यांकडे अर्ज केले. बाई विमान चालवते म्हटल्यावर प्रवासी बसणार नाहीत, असं म्हणून सगळीकडून नकार आला. शेवटी नोकरी दिली ती हैदराबादच्या डेक्कन एअरवेजनं, ज्यात निजाम सरकारची मोठी भागीदारी होती. पण कॅप्टनची खुर्ची काही तिथेही मिळाली नाही. बाजूला बसा, मदत करा, मुख्य काम पुरुष करील! हे वाक्य आपल्यातल्या कितीजणींनी ग्रामपंचायतीत ऐकलंय, हात वर करा.

प्रवासी विमानात निदान बाजूची खुर्ची तरी मिळाली. फौजेच्या विमानाला तर हात लावायचीही सोय नव्हती. भारतीय हवाई दल १९३२ साली सुरू झालं. त्यात पायलट म्हणून बाई आली १९९४ साली. मधली बासष्ट वर्षं कोरडी गेली.

जमणारच नाही, असं कारण देत असत. पण दुसऱ्या महायुद्धात, १९४१ साली, रशियानं फक्त बायकांच्या तीन हवाई तुकड्या उभ्या केल्या होत्या. त्यातली एक रात्री बॉम्ब टाकायची. विमानं लाकूड-कापडाची, फवारणीला वापरतात तशी. शत्रूच्या जवळ गेलं की इंजिन बंद करायचं आणि घारीसारखं तरंगत जायचं. जर्मन सैनिक त्यांना रात्रीच्या चेटकिणी म्हणायचे. आपल्याकडे भानामतीच्या नावाखाली बाईला चेटकीण ठरवलं की तिचं जगणं मुश्कील होतं. त्या बायांनी मात्र ते नाव मिरवलं. तेवीस हजारांहून जास्त फेऱ्या त्यांनी मारल्या.

आपल्याकडची पहिली तुकडी सात जणींची. हैदराबादजवळ दुंडिगलला हवाई दलाची अकादमी आहे, तिथे त्या शिकल्या. त्यांच्यातल्या हरिता कौर देओल हिनं १९९४ च्या सप्टेंबरात बावीसाव्या वर्षी एकटीनं ॲव्हरो विमान उडवलं. दोनच वर्षांनी विमान अपघातात ती गेली. हेही सांगायला हवं, हे काम जीवावरचं आहे. पुढे १९९९ च्या कारगिल युद्धात गुंजन सक्सेना आणि श्रीविद्या राजन यांनी चीता हेलिकॉप्टरमधून जखमी जवानांना बाहेर काढलं. तरीही या मुलींची नेमणूक थोड्या वर्षांचीच असायची. लढाऊ विमान तर नाहीच. ते दार १८ जून २०१६ ला उघडलं, अवनी चतुर्वेदी, भावना कांत आणि मोहना सिंह या तिघींसाठी.

लढाऊ विमान वेगात वळतं तेव्हा शरीराचं वजन कैक पटींनी वाढल्यासारखं होतं. पन्नास किलोची पोरगी तीनशे किलोची होते म्हणा. डोक्यातलं रक्त पायाकडे उतरतं, डोळ्यांपुढे अंधारी येते. म्हणून पाय आणि पोट आवळून धरणारा खास पोशाख घालतात आणि श्वास धरायची रीत शिकवतात. ही रीत शिकून येते, बाईलाही आणि पुरुषालाही. शिक्षण सुरू होतं पिलाटस नावाच्या छोट्या विमानावर, मागे शिक्षक बसलेला. नंतर वाटा फुटतात. हेलिकॉप्टरवाले हैदराबादजवळ हकीमपेठला, मालवाहू विमानांचे बेंगळुरूच्या येलहंकाला, लढाऊवाले बीदरला हॉक विमानावर.

आता आपल्या नांदेडचं. २०२१ ते २०२४ या काळात देशाचे हवाई दलप्रमुख होते एअर चीफ मार्शल विवेक राम चौधरी. मूळ गाव हस्तरा, तालुका हदगाव. १९८२ च्या डिसेंबरात ते लढाऊ पायलट झाले. मिग-२१ पासून सुखोईपर्यंत विमानं त्यांनी चालवली, ३८०० तासांहून जास्त. ते पुण्याजवळच्या खडकवासल्याच्या एनडीएतून शिकून गेले. त्यांच्या वयाच्या हदगावच्या एखाद्या पोरीला कितीही मार्क पडले असते, तरी एनडीएचा फॉर्म तिला भरता आला नसता. फॉर्म फक्त अविवाहित मुलांसाठी होता.

हा नियम कुणी मोठ्या मनानं मागे घेतला नाही. कुश कालरा नावाच्या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आणि १८ ऑगस्ट २०२१ ला न्यायालयानं मुलींना परीक्षेला बसू द्या म्हणून सांगितलं. पुढच्या वर्षी बसवतो, असं सरकार म्हणालं. न्यायालयानं थांबायला नकार दिला. १४ नोव्हेंबरच्या परीक्षेसाठी पावणेदोन लाखांहून जास्त मुलींनी अर्ज केले, हजारावर मुली लेखी पास झाल्या, जागा होत्या एकोणीस. हे आम्हाला खटकतं. त्यानंतरच्या जाहिरातींतही हवाई दलाच्या पायलटच्या ९२ जागांत मुलींना २ असंच दिसलं. पहिल्या तुकडीतल्या सतरा जणी ३० मे २०२५ ला खडकवासल्याहून पास होऊन बाहेर पडल्या.

आणि आता मुद्द्याचं. पायलट व्हायला बारावीला फिजिक्स आणि गणित दोन्ही लागतात. इथे विष्णुपुरीत मेडिकल कॉलेज, इंजिनीअरिंग कॉलेज, विद्यापीठ सगळं एका रस्त्यावर आहे, त्यामुळे आपल्याला मोठं शिक्षण म्हटलं की डॉक्टर नाहीतर इंजिनीअर एवढंच सुचतं. लातूर पॅटर्नच्या नादात पोरगी हुशार असली की तिला नीटच्या बॅचला घालतात, आणि ‘कशाला लोड घेते’ म्हणून गणित सोडायला लावतात. हुशार नसली तर आर्ट्स. दोन्हीकडे गणित जातं आणि त्याबरोबर बीदरची वाटही जाते. हा निर्णय दहावीच्या निकालानंतरच्या आठवड्यात, बहुतेक वेळा काका-मामा घेतात.

एनडीएला वय साडेसोळा ते साडेएकोणीस चालतं. ते हुकलं तर पदवीनंतर ॲफकॅट नावाची हवाई दलाची परीक्षा आहे, पायलटसाठी वीस ते चोवीस वर्षांपर्यंत. पण तिथेही बारावीचं गणित-फिजिक्स विचारतातच. उंची १६२.५ सेंटिमीटर, म्हणजे सुमारे पाच फूट चार इंच लागते. शाळेत फूटपट्टी लावून आधीच बघा. रंग नीट ओळखता आले पाहिजेत. पायलटची कल चाचणी आयुष्यात एकदाच देता येते, तेव्हा ‘बघू, सहज बसून येऊ’ असं करू नका. लग्न झालेलं चालत नाही, म्हणजे सोळाव्या-सतराव्या वर्षी स्थळं बघणाऱ्या घराला आधी थांबवावं लागेल, ते काम गटानं करायचं. एनडीएची मुलींसाठीची तयारी नाशिकच्या सरकारी संस्थेत २०२३ पासून होते. परीक्षा वर्षातून दोनदा असते, फॉर्म मोबाईलवर यूपीएससीच्या साईटवर भरता येतो, आणि मुलींना त्याची फी लागत नाही.