इंजिन बदलल्यावर गाडी कुणाची?

१९६० साली अमेरिकेतला एक नामांकित मोटार शर्यतपटू जिभेखाली नायट्रोग्लिसरीनची गोळी ठेवून शर्यती पळत होता. छातीत कळ आली की गोळी, आणि पुढचे वळण. त्याचे नाव कॅरोल शेल्बी. टेक्सासचा माणूस. शर्यतींच्या आधी त्याने कोंबड्या पाळून पाहिल्या होत्या, त्या रोगाने मेल्या. १९५९ मध्ये फ्रान्समधली 'ल मान्स'ची चोवीस तासांची शर्यत त्याने रॉय साल्वाडोरीबरोबर ॲस्टन मार्टिन गाडीतून जिंकली. वर्षभरातच हृदयाने साथ सोडायला सुरुवात केली आणि १९६०च्या अखेरीस त्याने शर्यतीचे चक्र हातावेगळे केले. वय सदतीस. हा माणूस पुढे ज्या एका कामामुळे ओळखला गेला ते काम म्हणजे दुसऱ्याच्या गाडीत मोठे हृदय बसवणे. हा योगायोग मी रचलेला नाही. कवितेत कुणी असे लिहिले असते तर मी त्याला 'फार ओढून आणलेस' म्हटले असते.

ती दुसऱ्याची गाडी म्हणजे 'एसी एस'. यातला 'एसी' म्हणजे आपल्या खोलीतले वातानुकूलन नव्हे. लंडनजवळ थेम्स डिटन नावाच्या गावात एसी कार्स नावाचा छोटा कारखाना होता. विसाव्या शतकाच्या आरंभी जॉन वेलर नावाचा हुशार अभियंता आणि जॉन पोर्टवाइन नावाचा खाटीक यांनी एकत्र येऊन माल वाहायची तीनचाकी गाडी काढली, तिचे नाव 'ऑटो कॅरियर'. त्याचे हे संक्षिप्त रूप. १९३० साली हर्लॉक बंधूंनी कंपनी घेतली. दुसऱ्या महायुद्धानंतर हाच कारखाना अपंगांसाठी सरकारी तीनचाकी गाड्या बनवत असे, आणि साउथएंडच्या लांबलचक धक्क्यावर धावणाऱ्या छोट्या रेल्वेचे डबेही त्यानेच १९४९ मध्ये बनवले. मोटारींच्या इतिहासाच्या चकचकीत पुस्तकांत हे तळटीपेसारखे येते. मला मात्र तेच आवडते. एकाच छपराखाली पांगळ्या माणसाची गाडी आणि शर्यतीची गाडी!

१९५३ साली या कारखान्याने 'एस' बाजारात आणली. तिचा सांगाडा जॉन टोजीरो या माणसाने आखलेला होता. टोजीरोचा जन्म पोर्तुगालमधला, वडील पोर्तुगीज, आई इंग्रज. सांगाडा म्हणजे तीन इंच व्यासाच्या दोन पोलादी नळ्या, त्यांच्या टोकांना आडवे टाकलेले पाटे, आणि चारही चाके स्वतंत्रपणे वरखाली होणारी. अंगावरचा ॲल्युमिनियमचा पत्रा इटलीतल्या फेरारीच्या एका उघड्या गाडीवर डोळा ठेवून वळवलेला. गाडी दिसायला इतकी सुंदर की आजही तिच्याकडे पाहताना कुठे काही कमी-जास्त करावे असे वाटत नाही.

कमी होते ते बोनेटखाली. तिथे बसलेले इंजिन वेलरनेच १९१९ साली आखलेले होते! सहा सिलिंडर, १९९१ सीसी. सुरुवातीला चाळीस अश्वशक्ती देणारे हे इंजिन सुधारत सुधारत शंभरापर्यंत आले. १९६३ पर्यंत ते तयार होत राहिले, म्हणजे चव्वेचाळीस वर्षे. एकाच इंजिनावर दोन पिढ्या जगल्या. पण शर्यतीत नुसते आयुष्य मोजत नाहीत.

म्हणून १९५६ पासून या गाडीत ब्रिस्टल कंपनीचे १९७१ सीसीचे इंजिनही मिळू लागले. ब्रिस्टल मूळची विमाने बनवणारी. आणि हे इंजिन मूळचे जर्मन, 'बीएमडब्ल्यू ३२८' या १९३६च्या गाडीचे. महायुद्धानंतर त्याचा आराखडा इंग्लंडमध्ये आला. ज्यांच्यावर बॉम्ब टाकले त्यांचेच इंजिन घरी आणून वापरायचे, हा व्यवहार इतिहासात नवा नाही. हे इंजिन एसला फार मानवले. १९५९ची ल मान्स शर्यत, म्हणजे जी शेल्बीने जिंकली तीच, त्या शर्यतीत ब्रिस्टल इंजिनाची एक एस सातवी आली आणि दोन लिटरच्या गटात पहिली. आपण जिंकलो त्या दिवशी मागून सातव्या नंबरावर आपले उरलेले आयुष्य धावत होते, हे शेल्बीला कुठून कळणार?

१९६१ साली ब्रिस्टलने ते इंजिन बंद केले. गंमत म्हणजे स्वतःच्या गाड्यांसाठी ब्रिस्टलने अमेरिकन क्रायस्लरचे आठ सिलिंडरचे इंजिन घेतले. एसी उघड्यावर पडली. केन रड नावाच्या शर्यतीच्या तंत्रज्ञाने फोर्डच्या झेफर या घरगुती गाडीचे २.६ लिटरचे इंजिन एसमध्ये बसवून दाखवले. काम चांगले झाले, पण तशा गाड्या चाळीसही झाल्या नाहीत. याच वर्षी सप्टेंबरमध्ये शेल्बीने एसीला पत्र पाठवले. तुमच्या गाडीत अमेरिकन व्ही-आठ इंजिन बसवू या, असा मजकूर. त्याच्याजवळ तेव्हा इंजिन नव्हते, पैसा नव्हता, कारखाना नव्हता. इंजिन मिळाले तर विचार करू, असे एसीचे म्हणणे. इकडे फोर्डने नुकतेच पातळ ओतकामाचे नवे व्ही-आठ काढले होते. लोखंडी असूनही वजनाने ब्रिस्टलच्या सहा सिलिंडरपेक्षा फारसे जड नाही, आणि ताकद मात्र दुप्पट. साऱ्या गोष्टीची किल्ली या वजनात आहे. नुसते मोठे इंजिन कुणीही आणील. पुढच्या चाकांवर जो भार येतो तो गाडीच्या स्वभावाला झेपला पाहिजे.

१९६२च्या जानेवारीत थेम्स डिटनला पहिली जुळणी झाली. मग इंजिन काढून नुसती गाडी फेब्रुवारीत विमानाने कॅलिफोर्नियाला गेली. तिथे सांता फे स्प्रिंग्ज गावात डीन मून याच्या गॅरेजमध्ये तिच्यात ४.२ लिटरचे फोर्ड इंजिन आणि गिअरबॉक्स चढवले. आठ तासांच्या आत काम उरकले असे सांगतात. मग त्याच एका गाडीला पुन्हा पुन्हा वेगळा रंग देऊन मासिकांच्या बातमीदारांना दाखवले, म्हणजे त्यांना वाटावे की गाड्या भराभर तयार होताहेत. शेल्बी उत्तम विक्रेताही होता. ही त्याची लबाडी मला त्याच्या विजयांइतकीच आवडते.

आठ तास ही ऐकायला छान वाटणारी गोष्ट आहे. खरे काम त्याच्या आधी आणि नंतर झाले. आपल्याकडे पेट्रोलच्या जुन्या जीपमध्ये डिझेल इंजिन बसवून घेणारे कितीतरी शेतकरी आणि वडापवाले होऊन गेले. तिथे हेतू वेगाचा नसतो, खर्चाचा असतो. पण इंजिन चढले की पुढचे पाटे बसतात, मग क्लच बोलू लागतो, मग कुठे तरी तडा दिसतो. मोठे इंजिन एकटे येत नाही. ते गाडीतला सगळ्यात दुबळा भाग शोधून काढते, तो सुधारला की त्याच्यानंतरचा. आम्हा कवींना हे ठाऊक आहे. ओवीच्या चरणात एक वजनदार शब्द घुसवला की शेजारचे दोन शब्द हलतात, यमक हलते, आणि पहाट होईपर्यंत सगळी ओवीच नवी झालेली असते.

या गाडीचेही तसेच झाले. मागचे डिफरन्शियल तुटेल म्हणून जग्वारच्या जातीचे मजबूत बसवले. चारही चाकांना डिस्क ब्रेक आले. व्ही-आठ रुंद, म्हणून स्टिअरिंगचा डबा बाजूला सरकवावा लागला. पुढे १९६३ मध्ये ते स्टिअरिंगच बदलून दात्यांच्या पट्टीचे केले. तरी १९६२च्या ऑक्टोबरमध्ये रिव्हरसाइडच्या पहिल्याच शर्यतीत बिली क्राउझ शेव्हरोलेच्या कॉर्व्हेट गाड्यांना मागे टाकून पुढे निघाला असताना मागच्या चाकाचा खुंट मोडला. इंजिन शाबूत, गाडी बाहेर.

नाव ठेवले 'कोब्रा'. हे नाव स्वप्नात दिसले असे शेल्बी सांगत असे. स्वप्नाचा साक्षीदार कुठून आणायचा? पण शब्दाची वंशावळ सांगता येते. पोर्तुगीज भाषेत कोब्रा म्हणजे साप. पोर्तुगीज हिंदुस्थानात आले, फणा काढलेला नाग त्यांनी पाहिला आणि त्याला 'टोपीवाला साप' अशा अर्थाचे नाव दिले. त्यातला पहिला शब्द इंग्रजीने उचलला. म्हणजे आपल्या नागाचे पोर्तुगीज नाव टेक्सासच्या माणसाने इंग्लंडच्या गाडीला दिले, आणि त्या गाडीचा सांगाडा पोर्तुगालात जन्मलेल्या माणसाने आखलेला होता.

मग ही गाडी कुणाची? सांगाडा टोजीरोचा, पत्र्याची वळणे इटलीची, घडण थेम्स डिटनच्या कारागिरांची, इंजिन डेट्रॉईटचे. इंग्लंडमध्ये लोक तिला एसी कोब्रा म्हणतात, अमेरिकेत शेल्बी कोब्रा. गाडीच्या बाजूवर 'पॉवर्ड बाय फोर्ड' अशी पट्टी आहे. प्रत्येकाला ती आपली एकट्याची हवी असते. 'तुम्ही मुसलमान, मग मराठीत कसे लिहिता?' हा प्रश्न मला आयुष्यभर विचारला गेला आहे, म्हणून या वादात मला जरा जास्त रस आहे. ज्याच्या हातून इंजिन बसते तो आपला मेस्त्री पोर्तुगीजातून आला. त्याची चावीही तिथूनच आली. कारखाना फारसी, पोलाद फारसी. हे चार शब्द परत करायचे म्हटले तर माझ्या मराठीतले गॅरेज बंद पडेल. विचारणाऱ्याचेही.

ल मान्समध्ये १९६३ साली एक कोब्रा सातवी आली, तोच जुना क्रमांक. १९६४ मध्ये पीटर ब्रॉकने आखलेल्या बंद टपाच्या 'डेटोना' कोब्रातून डॅन गर्नी आणि बॉब बॉन्ड्युरंट चौथे आले, आणि त्यांच्या जीटी गटात पहिले. ४ जुलै १९६५ला फ्रान्समध्ये रेम्स इथे या गाडीने जीटी गाड्यांचे आंतरराष्ट्रीय विजेतेपद फेरारीच्या हातून काढून घेतले. ज्या फेरारीवरून अंगाची वळणे घेतली तिलाच हरवले. इंजिन तेव्हा ४.७ लिटरचे होते, सांगाडा अजून त्या तीन इंची नळ्यांचा आणि पाट्यांचा.

पण हाव थांबत नाही. १९६४च्या मार्चमध्ये सेब्रिंगला केन माइल्सने त्याच जुन्या सांगाड्यात सात लिटरचे इंजिन घालून आणले आणि सरावातच गाडी झाडावर आदळली. मग चार इंची नळ्या, पाट्यांऐवजी गोल स्प्रिंगा, रुंद टायर, टायरांवर फुगलेला पत्रा. जवळजवळ नवीच गाडी. शर्यतीच्या मान्यतेसाठी शंभर गाड्या हव्या होत्या, तपासनीस आले तेव्हा जेमतेम निम्म्या तयार होत्या. मान्यता नाकारली. जी विजेतेपदाची गाडी ठरायची ती शेवटी रस्त्यावर विकली गेली. आज भिंतींवरच्या चित्रांत आणि मुलांच्या खेळण्यांत दिसते ती ही फुगलेली सात लिटरचीच. जिंकली ती सडपातळ, आणि मिरवते ती पहिलवान! माझे मत विचाराल तर ४.७ लिटरला शेल्बीने हात आवरायला हवा होता. सात लिटरच्या गाडीत मला इंजिन दिसते, एस दिसत नाही.

दोन्ही प्रकार मिळून साठीच्या दशकात सुमारे हजार कोब्रा झाल्या. हर्लॉकांच्या कारखान्यात याच काळात अपंगांच्या गाड्या बनतच होत्या. शेल्बीने आणखी एका इंग्रजी गाडीवर हा प्रयोग केला, ती सनबीम टायगर. तिच्यात जागा इतकी कमी होती की एक स्पार्क प्लग बदलायला आतल्या बाजूने भोकात हात घालावा लागे. १९६७ मध्ये तिच्या कंपनीवर क्रायस्लरने ताबा मिळवला. फोर्डचे इंजिन ठेवायचे नाही आणि स्वतःचे बसत नाही, म्हणून ती बंद पडली.

शेल्बीच्या छातीत १९९० साली दुसऱ्या माणसाचे हृदय बसवले गेले, १९९६ मध्ये मूत्रपिंड. त्या हृदयावर तो बावीस वर्षे जगला आणि २०१२ मध्ये एकोणनव्वदाव्या वर्षी गेला. डीन मूनच्या गॅरेजमधली ती पहिली कोब्रा त्याने शेवटपर्यंत विकली नव्हती. २०१६ साली कॅलिफोर्नियात तिचा लिलाव झाला आणि १ कोटी ३७ लाख ५० हजार डॉलर आले.

लिलावांच्या जगात जुन्या एसची किंमतही आता चढली आहे, आणि तिथे उलटे वारे आहे. मधल्या काळात ज्या हौशी लोकांनी आपल्या एसमधले ब्रिस्टलचे इंजिन काढून अमेरिकन व्ही-आठ चढवले, त्यांच्या गाड्या विकत घेणारे आज पहिला प्रश्न विचारतात तो मूळ इंजिनाचा. त्यावरचा क्रमांक सांगाड्याच्या नोंदीशी जुळतो का, हे भिंग लावून पाहतात. काढलेले इंजिन एखाद्या कोठारात ताडपत्रीखाली सापडले तर ते आणून, साफ करून, पुन्हा जागेवर बसवतात. सहा सिलिंडर, १९७१ सीसी.