नमुना आणि नग : एका लहान पिस्तुलाची हकीकत

श्रोतेहो, आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपल्यापैकीं कित्येकांनीं कपाळाला आठ्या घातल्या असतील. पिस्तुलाशीं आपल्या घरसंसाराचा संबंध तो काय? खरें सांगावयाचें तर मलाही नेमबाजीचा शौक नाहीं. माझें कुतूहल निराळें आहे. एखादें यंत्र एकदां उत्तम चाललें, तें चाललें याला हजारों साक्षीदार आहेत, आणि पुढें तेंच यंत्र पुन्हां घडवावयास जावें तों तें अडून बसतें, असें कां व्हावें? या प्रश्नाचा मागोवा घेतांना अमेरिकेंतील एका लहानशा पिस्तुलाचा इतिहास माझ्या वाचनांत आला. तोच आज आपणांपुढें मांडावा असें मनांत आहे.

२०१४ सालच्या जानेवारींत लास व्हेगास येथें शस्त्रांच्या व्यापाऱ्यांचें वार्षिक प्रदर्शन भरलें होतें. तेथें रेमिंग्टन कंपनीनें ‘आर ५१’ या नांवाचें नवें पिस्तूल मांडलें. रेमिंग्टन म्हणजे १८१६ सालापासून बंदुका घडविणारें जुनें नांव. पिस्तूल अंगरख्याखालीं सहज लपेल एवढें लहान. सात काडतुसें पोटांत घेणारें आणि नऊ मिलिमीटर व्यासाची गोळी झाडणारें. निवडक लेखकांच्या हातीं नमुन्याचीं पिस्तुलें आधींच देण्यांत आलीं होतीं, आणि हाताला बसणारा धक्का सौम्य म्हणून त्यांनीं तोंड भरून स्तुति केली होती. पुढें तें दुकानांत आलें मात्र, तक्रारींचा पाऊस सुरू झाला. काडतूस वर चढतांना मध्येंच नाक खुपसून बसे. नळीवरचें सरकतें पोलादी आवरण पुरें पुढें न येतां केसभर अंतरावर थांबे. रिकामी पुंगळी बाहेर उडण्याऐवजीं आंतच अडके. कांहींनीं तर पुंगळ्या फुगून निघाल्याची तक्रार केली, आणि ती सर्वांत गंभीर होती. कारण नळीचें मागचें तोंड नीट बंद नसतांना बार उडाल्याचें तें लक्षण समजलें जातें.

जुलैंत कंपनीनें पिस्तुलें परत मागविलीं. जो परत करील त्यास नवें पिस्तूल, शिवाय दोन जादा मॅगझिनें व एक पेटी देऊं, असें जाहीर केलें. कारण सांगितलें तें असें, कीं नमुन्यापासून घाऊक उत्पादनाकडे जातांना अडचणी उद्भवल्या. परीक्षेसाठीं केलेलीं पिस्तुलें निर्दोष चाललीं होतीं.

परीक्षेचीं पिस्तुलें निर्दोष चाललीं होतीं! या वाक्यापाशीं मी बराच वेळ थांबलों. तें खोटें असेल असें मला वाटत नाहीं. किंबहुना तें खरें होतें, हीच या हकीकतीची खरी गोम आहे.

कारण या पिस्तुलाची मूळ कल्पना २०१४ सालची नव्हतीच. ती जॉन डग्लस पेडरसन या संशोधकाची. पेडरसन १८८१ सालीं नेब्रास्कांत जन्मले. रेमिंग्टनसाठीं त्यांनीं अनेक बंदुका रचल्या आणि १९१८ सालीं त्यांचें ‘मॉडेल ५१’ हें खिशांतील पिस्तूल बाजारांत आलें. तें समजण्यास थोडी यंत्राची माहिती हवी. श्रोत्यांनीं क्षणभर धीर धरावा.

बार उडाला म्हणजे दारूचा वायु गोळीला पुढें आणि पुंगळीला मागें रेटतो. मागच्या या रेट्यावरच स्वयंचलित पिस्तूल चालतें. आवरण मागें जातें, पुंगळी फेकतें, स्प्रिंगच्या जोरानें पुन्हां पुढें येतांना मॅगझिनमधील वरचें काडतूस उचलून नळींत सारतें. परंतु गोळी नळींत असतांनाच मागचें तोंड उघडलें तर अनर्थ. सौम्य काडतूस असेल तर आवरणाचें वजन आणि स्प्रिंग यांनींच काम भागतें; काडतूस जोरदार असेल तर कांहीं कुलूप लागतें. जॉन ब्राउनिंग यांनीं नळी व आवरण एकमेकांत अडकवून दोन्ही मिळून थोडीं मागें नेलीं आणि मग नळी खालीं झुकवून सुटका केली. पेडरसन यांनीं निराळी युक्ति काढली. त्यांनीं नळी जागच्या जागीं स्थिर ठेवली आणि आवरणाच्या पोटांत एक स्वतंत्र ठोकळा बसविला. बार होतांच ठोकळा आणि आवरण एखाद-दोन मिलिमीटर बरोबर मागें येतात. तेथें ठोकळा चौकटीच्या खांद्याला थडकून थबकतो. आवरण मात्र मिळालेल्या वेगानें तसेंच पुढची मजल गांठतें, आणि तेवढ्या अवधींत गोळी बाहेर पडून दाब उतरतो. मग आवरण त्या ठोकळ्याला खांद्यावरून उचलून आपल्याबरोबर घेऊन जातें. युक्ति मोठी नामी! आवरण हलकें करतां आलें, नळी हाताच्या जवळ आली, धक्का कमी झाला.

पण सारी भिस्त त्या ठोकळ्याच्या व खांद्याच्या भेटीवर आली. पोलादाचे दोन पृष्ठभाग, त्यांचा कोन, त्यांची गुळगुळीत घडण यांत थोडें अधिकउणें झालें कीं ठोकळा उशिरां सुटणार, अगर पुन्हां जागीं बसतांना अडखळणार. १९१८ सालच्या कारखान्यांत हे भाग पोलादाच्या लगडींतून कोरून काढीत. त्यासाठीं यंत्रावर एकामागून एक क्रिया कराव्या लागत. पिस्तूल चांगलें निघे, पण महाग पडे. सुमारें ६५ हजार नग निघाल्यावर १९२६ सालीं त्याचें उत्पादन थांबलें. तें अडतें म्हणून नव्हे, तर परवडत नाहीं म्हणून! हा भेद ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. (पेडरसन यांच्या सैन्यासाठीं केलेल्या रायफलीलाही काडतुसांवर मेणाचा पातळ लेप लागे, आणि १९३२ सालीं अमेरिकन सैन्यानें त्यांची रायफल सोडून गॅरंड यांची पत्करली. अतिशय चतुर रचनेचे लाड पुरवावे लागतात, असें त्यांच्या बाबतींत एकापेक्षां अधिक वेळां झालेलें दिसतें.)

आतां याच काळांतील दुसरें चित्र पहा. १९०७ सालीं अमेरिकन सैन्यानें नव्या पिस्तुलासाठीं स्प्रिंगफील्ड येथें परीक्षा मांडली. कोल्ट, सॅव्हेज, लुगर, बर्गमन, नोबल अशीं पिस्तुलें आलीं. यांपैकीं नोबलचा निकाल मोठा बोलका आहे: तें इतकें ओबडधोबड बनविलें होतें, कीं त्याची परीक्षा घेण्यांतही अर्थ नाहीं, असें मंडळानें ठरविलें. म्हणजे रचनेच्या गुणदोषांपर्यंत गोष्ट गेलीच नाहीं. शेवटीं कोल्ट व सॅव्हेज उरलीं. कोल्टचें पिस्तूल ब्राउनिंग यांचें. परंतु १९०७ सालीं आणलेलें आणि १९११ सालीं स्वीकारलेलें पिस्तूल हीं एक नव्हत. आरंभीं नळी पुढें व मागें अशा दोन दुव्यांनीं बांधलेली असे. पुढें मागचा एकच दुवा राहिला आणि पुढच्या टोकाला कडें आलें. मुठीचा कोन बदलला. घोडदळाच्या लोकांनीं मागितली म्हणून अंगठ्याची कळ बसली. १९१० सालच्या नोव्हेंबरांत सहा हजार बारांची परीक्षा झाली, तींत दोन्ही पिस्तुलें अडखळलीं. ब्राउनिंग यांनीं तेथें तोंड लपविलें नाहीं. हार्टफर्डच्या कारखान्यांत स्वतः लक्ष घालून त्यांनीं दुबळे भाग सुधारले.

१९११ सालच्या मार्चांत पुन्हां सहा हजार बार. शंभर बार झाडावे, पांच मिनिटें निववावें. दर हजारास स्वच्छ करून तेल द्यावें. नंतर मुद्दाम बिघडविलेलीं काडतुसें, गोळी फार खोल बसलेलीं आणि फार वर राहिलेलीं, घालून पहावीं; पिस्तूल गंजवावें, वाळूंत व चिखलांत बुडवावें. सॅव्हेज ३७ वेळां चुकलें. कोल्ट एकदांही चुकलें नाहीं. २९ मार्च १९११ रोजीं तें सैन्यानें स्वीकारलें, आणि १९८५ सालापर्यंत तें तेथें अधिकृत पिस्तूल म्हणून राहिलें.

मला यांत शून्य चुकांचें कौतुक नाहीं, त्याआधींच्या नोव्हेंबराचें आहे. अडखळणें सैन्याच्या अंगणांत घडलें, ग्राहकाच्या हातांत नव्हे.

लहान पिस्तुलाला तर ही परीक्षा अधिकच कडक हवी. आवरण आंखूड म्हणजे त्याचें वजन कमी, म्हणून स्प्रिंग ताठ. मागें जाण्याचें अंतर थोडकें, म्हणून मॅगझिनला पुढचें काडतूस उचलून धरण्यास मिळणारा वेळ डोळ्याचें पातें लवण्याहूनही कमी. मोठ्या पिस्तुलांत जी चूक पोटांत जिरते ती येथें वर येते. त्यांतून मूळचें मॉडेल ५१ सौम्य काडतुसांसाठीं होतें, आणि २०१४ सालच्या नव्या अवतारानें त्याहून बऱ्याच अधिक दाबाचें काडतूस पत्करलें होतें.

असें पिस्तूल अडूं लागलें म्हणजे दोष हुडकावा कसा? ज्यांच्या घरीं शिवणयंत्र आहे त्या भगिनींना हें मीं शिकवावयास नको. दोरा तुटूं लागला तर त्या सुई, दोरा, ताण आणि तेल सारें एकदम बदलीत नाहींत. एक बदलून पाहतात, मग दुसरें. येथेंही तसेंच. प्रथम काडतुसें बदलावीं, कारण दारू कमी पडली तर आवरण पुरें मागें जातच नाहीं. मग मॅगझिन बदलावें. काडतूस नाक खुपसून बसतें तेव्हां मॅगझिनचे वरचे ओंठ वांकलेले अगर त्याची स्प्रिंग दमलेली असण्याचा संभव फार. पुंगळी अडकत असेल तर तिला ओढणारी आकडी पहावी. एकाच मॅगझिननें दोष येतो कीं सर्वांनीं, एकाच हातीं कीं सर्वांच्या, हें टिपून ठेवावें. आणि सर्वांच्या हातीं, सर्व मॅगझिनांनीं, सर्व काडतुसांनीं दोष येतच राहिला, तर शोध थांबवून पिस्तूल आलें तेथें पाठवावें.

परंतु ग्राहकाला बहुधा सांगतात तें निराळेंच. पिस्तूल नवें आहे, दोनचारशें बार झाडा म्हणजे रुळेल. आपण मनगट सैल धरतां, म्हणून अडतें. या दोन्हींत तथ्याचा अंश आहे, म्हणूनच तीं फसवीं आहेत. लहान पिस्तूल सैल मनगटानें अडतें खरें. पण जें पिस्तूल भ्यालेल्या, घामेजलेल्या, कदाचित् जखमी माणसाच्या हातीं चालावयाचें, त्यानें मनगटाची तक्रार करणें शोभत नाहीं. आणि रुळविण्याची गोष्ट म्हणाल तर पृष्ठभाग घांसून गुळगुळीत करण्याचें कारखान्याचें काम, काडतुसांचे पैसे भरून, गिऱ्हाइकानें पुरें करावयाचें असा तिचा अर्थ होतो.

मग नमुने निर्दोष कसे चालले? नमुना घडतो तो कारखान्यांतल्या उत्तम कारागिराच्या हातून. एखादा भाग अडला तर तो कानस घेतो, घांसतो, बसवितो, आणि आपण कांहीं विशेष केलें हें त्याच्या गांवींही नसतें. ती कानस नकाशावर उतरत नाहीं. घाऊक उत्पादनांत प्रत्येक भागाला थोड्या अधिकउण्याची मुभा असते. प्रत्येक भाग आपल्या मर्यादेंत असतो, पण दहा भागांचें अधिकउणें एकाच दिशेला गेलें म्हणजे बेरीज मर्यादेबाहेर जाते. पेडरसन यांच्या रचनेंत ती बेरीज नेमकी ठोकळ्यापाशीं येऊन उभी राहते. म्हणून दहा नमुने चालले यावरून दहा हजार नगांविषयीं कांहींच सिद्ध होत नाहीं. उत्पादनांतून येईल तो नग डोळे मिटून उचलून त्याचीच परीक्षा घ्यावी लागते.

सुधारलेलें आर ५१ पुन्हां दुकानांत येण्यास २०१६ साल उजाडलें. पहिल्या वेळचा बोभाटा मात्र त्याची पाठ सोडीना. रेमिंग्टन कंपनीनें २०१८ सालीं आणि पुन्हां २०२० सालीं दिवाळें काढलें व तिचे विभाग निरनिराळ्या खरेदीदारांना विकले गेले. या अनर्थाचीं कारणें मोठीं आणि अनेक होतीं. त्याचें खापर एका लहानशा पिस्तुलावर फोडणें अन्यायाचें होईल. स्वतः पेडरसन १९५१ सालींच निवर्तले होते. त्यांच्या वेळचें मॉडेल ५१ आजही संग्राहक आवडीनें विकत घेतात, आणि कोणी कोणी तें झाडूनही पाहतात.