चार कोपऱ्यांना हळदीकुंकू

पत्रिकांच्या दुकानात कागदावरून भांडण क्वचितच होतं. नवरदेवाला हवी असते साधी पत्रिका, त्यावर दोघांचा फोटो आणि चार ओळी. चुलत्याला हवी असतात घरातली तीस नावं, तीही मानाच्या क्रमानं. एक नाव राहिलं तरी मांडवात रुसवा ठरलेला. नमुन्यांची जाड फाईल उघडून दुकानदार शांतपणे विचारतो, “नावं किती?” बीड जिल्ह्यातलं धारूर असो की केज, पत्रिकेचा आकार या प्रश्नावर ठरतो.

गंमत अशी, की ज्या कागदावर आज इतकी माणसं दाटीवाटीनं उभी राहतात, तो मुळात माणसांचा नव्हताच. तो वेळेचा कागद होता.

ज्योतिषात लग्न म्हणजे त्या क्षणी पूर्व क्षितिजावर उगवणारी रास. दिवसरात्रीत बारा राशी उगवतात, म्हणजे साधारण दोन तासांना एक लग्न. विवाहाला कोणतं लग्न चांगलं, हे जोशीबुवा पंचांग पाहून लिहून देत, ती लग्नपत्रिका. घड्याळं नव्हती तेव्हा ती वेळ घटिकापात्रानं साधायची. बुडाला बारीक छिद्र असलेली वाटी पाण्यावर सोडायची. ती भरून बुडाली की 24 मिनिटं, म्हणजे एक घटका झाली. पुढं त्या वेळेचं नाव विधीलाच चिकटलं. ‘लग्’ या संस्कृत धातूचा अर्थही चिकटणं हाच.

माणसं बोलावण्याचं काम तांदळाकडे होतं. कुंकवानं रंगवलेली पहिली अक्षत गणपतीला, मग कुलदैवताला, मग भावकीला आणि गावाला. कुणाकडून कोण यायचं, हे अक्षत देणाऱ्याच्या तोंडच्या शब्दावर ठरे. ‘चूलबंद आवतण’ म्हटलं, की त्या घरी त्या दिवशी चूल पेटवायचीच नाही, म्हाताऱ्यापासून तान्ह्यापर्यंत सगळ्यांनी यायचं. सासरी गेलेल्या लेकींना एवढ्यानं भागत नसे. त्यांना आणायला घरचं कुणीतरी मूळ म्हणून जाई.

वेळेचा कागद आणि बोलावण्याचे तांदूळ, या दोन वाटा एकत्र आणल्या छापखान्यानं आणि टपालानं. एकोणिसाव्या शतकात मुंबईत गणपत कृष्णाजींनी शिळाछापावर पंचांग छापलं. चरबीची शाई सोवळ्यात चालायची नाही, म्हणून त्यांनी तुपाची शाई केल्याचं सांगतात. पुढं जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्यानं देवनागरीला देखणे खिळे दिले. 1879 साली इंग्रजी मुलखात पाव आण्याचं पोस्टकार्ड आलं. धारूर तेव्हा निजामाच्या राज्यात होतं आणि त्या राज्याचं टपाल वेगळं, तिकिटंही वेगळी. राज्यकारभाराची भाषा पुढं उर्दू झाली. हैदराबादी बोलीत लग्नाच्या पत्रिकेला रुक्का म्हणतात, आणि हैदराबादचा छत्ता बाजार आजही असे रुक्के छापण्यासाठी ओळखला जातो.

टपालानं एक खूणही रुळवली. कोपरा फाडलेलं कार्ड आलं, की वाचण्याआधीच घरात रडारड, कारण ती मयताची खबर. पत्रिकेच्या चारही कोपऱ्यांना हळदीकुंकवाची बोटं लागतात, ती पाहिली की निरक्षर आजीलाही कळायचं, की हा कागद शुभाचा आहे.

छापील पत्रिकेची भाषा आधी एकाच साच्याची होती. ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ अशी सुरुवात, ‘चि.’ आणि ‘चि. सौ. कां.’, आणि ‘शरीरसंबंध करण्याचे योजिले आहे’ हा आज वाचताना कानकोंडं करणारा शब्द. पण हा साचा ज्यांना मान्य नव्हता, त्यांनी तो बदलला. जोतीराव फुल्यांनी 1873 साली सत्यशोधक समाज स्थापला आणि भटजीशिवाय लग्नाची रीत घालून दिली. 14 ऑक्टोबर 1956 च्या धम्मदीक्षेनंतर बौद्ध घरांच्या पत्रिकेवर बुद्ध आणि बाबासाहेब आले, वर मथळा आला ‘मंगल परिणय’. मराठा सेवा संघ 1990 मध्ये उभा राहिला, त्यानंतर मराठवाड्यात संघाच्या शिवविवाह पद्धतीच्या पत्रिकांवर जिजाऊ-शिवराय दिसू लागले. गणपतीच्या जागी कोण, हे पाहून घराचा विचार ओळखता येतो. शहरी जोडपी ‘आपली स्टाईल’ म्हणून रंग आणि अक्षर निवडतात. इथं निवड आधी माथ्यावरच्या चित्राची होते, रंग मागून येतो.

आता पत्रिकेतली नावंही कागदात मावेनाशी झाली आणि रस्त्यावर आली. चौकात, मंगल कार्यालयाच्या कमानीवर फ्लेक्सचा फलक लागतो. आपल्याकडे त्याला सरळ ‘डिजिटल’ म्हणतात. नवरा-नवरीचे फोटो मधे, शुभेच्छुकांचे चेहरे भोवती. पत्रिका मोबाईलवर गेली, तरी देवापुढं ठेवायला चार छापतातच.

वेळ मात्र सुटलेली नाही. बालाघाटातल्या या डोंगराळ पट्ट्यातून दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला घरंच्या घरं बाहेर पडतात. नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की माणसं गावी परततात आणि मांडव पडू लागतात. जोशीबुवा रास बघतात ती त्यानंतरची. मुहूर्त पंचांगातला असला, तरी हंगाम कारखान्याचा असतो.

लग्न झाल्यावर 1998 च्या महाराष्ट्र विवाह नोंदणी कायद्याखाली अर्ज करायचा, तर सोबत पत्रिका मागतात. तिथं तीस नावांना आणि माथ्यावरच्या चित्राला कुणी विचारत नाही. बोट फिरतं ते वधूवरांच्या नावांवरून तारखेवर, वेळेवर आणि ठिकाणावर. जोशीबुवांनी लिहून दिलेल्या पहिल्या चिठ्ठीत याहून फारसं जास्त काही नसायचं.