परभाषेंत विचार मांडण्याची विद्या

सोलापूर हें चार भाषांचें शहर. मराठी, कानडी, तेलुगु व उर्दू बोलणाऱ्या घरांतून मुलें सात रस्त्यावरील संगमेश्वर महाविद्यालयांत येतात. हें महाविद्यालय १९५३ सालीं निघालें. विणकराच्या घरीं तेलुगु बोलणारा आणि शाळेंत मराठींतून शिकलेला मुलगा विज्ञानशाखेंत गेला, कीं इंग्रजी ही त्याची तिसरी भाषा होते. आणि तिच्यांतच त्याला परीक्षकापुढें आपला विचार मांडावा लागतो. ही अडचण केवळ शब्दांची व व्याकरणाची आहे, असा समज आहे. इतिहास निराळें सांगतो.

मुंबई विद्यापीठ १८५७ सालीं स्थापन झालें. १८५९ च्या पहिल्या प्रवेश परीक्षेंत थोडेच जण उत्तीर्ण झाले. त्यांतील महादेव गोविंद रानडे १८६२ सालीं पदवीधर झाले, आणि त्याच वर्षीं रामकृष्ण गोपाळ भांडारकरही. जुन्या पाठशाळेंत ग्रंथ मुखोद्गत असणें ही विद्वत्तेची मोठी खूण होती. नव्या लेखनांत प्रत्येक विधानाला आधार द्यावा लागे. दख्खनच्या प्राचीन इतिहासावरील आपल्या १८८४ च्या इंग्रजी ग्रंथांत भांडारकरांनीं शिलालेख, ताम्रपट व नाणीं यांची साक्ष घेऊन निर्णय दिले.

डॉ. भीमराव आंबेडकर यांना ही कसोटी परदेशांत द्यावी लागली. १९१६ च्या मे महिन्यांत न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत त्यांनीं भारतांतील जातिसंस्थेवर निबंध वाचला. पुढें रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा प्रबंध लंडनच्या परीक्षकांनीं १९२३ च्या मार्चमध्यें फेरलेखनासाठीं परत केला. मुंबईस येऊन त्यांनीं मांडणी बदलली, निष्कर्ष बदलले नाहींत. आणि त्याच वर्षीं त्यांना डी. एस्सी. ही पदवी मिळाली. प्राध्यापक एडविन कॅनन यांनीं त्या ग्रंथाला प्रस्तावना लिहितांना कांहीं मुद्द्यांवर आपला मतभेदही नोंदविला. आधार देऊन केलेल्या लेखनाचा मान असा असतो.

सोलापूरचीं महाविद्यालयें आधीं मुंबई, १९४९ पासून पुणें, १९६२ पासून कोल्हापूर आणि २००४ पासून सोलापूरच्याच विद्यापीठाशीं जोडलीं गेलीं. विद्यापीठ घराजवळ आलें. पण पाठ केलेल्या तयार उत्तराचा मोह गेला नाहीं. त्याचें मूळ भीतींत आहे. आपलें वाक्य चुकेल या धास्तीनें मुलगा गाइडांतील निर्दोष वाक्य उचलतो, आणि त्याबरोबर स्वतःचा विचारही गमावून बसतो. अशा मुलास मंदबुद्धि ठरविणें हा अन्याय होय.

तेव्हां शिक्षकांनीं पहिल्या वर्षींच लहान लहान निबंध लिहवून घ्यावे, आणि व्याकरण तपासण्यापूर्वीं दोन प्रश्न विचारावे: तुझें म्हणणें काय, आणि त्याला आधार कोणता? उत्तर प्रथम मराठींत, कानडींत, तेलुगूंत वा उर्दूंत आलें तरी चिंता नाहीं. विचार मायबोलींत पक्का झाला, म्हणजे इंग्रजी वाक्य सुधारतां येतें. पालकांनींही रात्रीं जेवतांना मुलांना हेच दोन प्रश्न विचारावे, आणि उत्तर संपेपर्यंत ऐकून घ्यावें.